वाचा आणि पुढे द्या

शाळेत इंटरनेट आलं तेव्हा नसीमा परकारला कोणी जपून राहायला सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? ज्यांना ते यंत्र कळत होतं त्यांना त्यात धोका दिसत नव्हता, आणि ज्यांना धोक्याचा वास लगेच येतो त्यांना ते यंत्र ठाऊक नव्हतं. सत्त्याण्णव साली बहरीनमध्ये ही दोन्ही प्रकारची माणसं मुबलक होती, आणि ती एकमेकांशी बोलत नसत.

नसीमा मूळची रत्नागिरीच्या राजिवड्याची. बी.ए. झाल्यावर तिने ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केला होता. तो लग्न जमताना कुणी विचारला नाही, आणि पुढे कित्येक वर्षं कुठेच विचारला गेला नाही. नवरा गनी मुहर्रकला विमानतळावर कार्गोत होता. घर तिथेच, जुन्या वस्तीत. विमानं डोक्यावरून इतकी खाली जात की बोलता बोलता मधेच थांबायचं, आणि आवाज गेला की वाक्य पुरं करायचं, ही सवय घरात सगळ्यांना लागली होती. मुलगी आतिका शाळेत घातली तेव्हा त्या भारतीय शाळेला ग्रंथपाल हवी होती आणि पगार इतका होता की दुसरी कोणी येईना. नसीमा आली.

वर्षं तशी बरी नव्हती. आडबाजूच्या गावांत रात्री टायर जळायचे आणि सकाळी भिंतींवर चुन्याचे ताजे पट्टे दिसायचे. चुन्याखाली काय लिहिलं होतं ते कोणी विचारत नसे. परदेशातून सरकारविरुद्धचे फॅक्स यायचे, त्यांच्या प्रती निघायच्या, घड्या घातलेले कागद दारांच्या फटींतून आत सरकायचे, आणि असा कागद ज्याच्या खिशात सापडेल त्याचं पुढे काय होतं हेही कोणी विचारत नसे. आपल्या लोकांचा नियम सोपा होता. कामाला आलो, काम करायचं. गनी म्हणायचा, "भिंत त्यांची, चुना त्यांचा. आपला काय जाताय?"

शाळेची लायब्ररी दुसऱ्या मजल्यावर होती. आधीच्या ग्रंथपालाचं असं मत होतं की पुस्तकं कुलपात असली म्हणजे टिकतात, आणि ते बरोबरच होतं. सगळी पुस्तकं नवी कोरी होती. वर्गात दंगा करणाऱ्या मुलांना शिक्षक शिक्षा म्हणून लायब्ररीत पाठवत. नसीमाने पहिल्या आठवड्यात कुलपं काढली. त्यानंतर मुलं कुलपं नसलेल्या कपाटांसमोर शिक्षा भोगू लागली.

अशात इंटरनेट आलं. प्रिन्सिपॉल लीना मॅडम मंगळूरच्या. त्यांच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर आणि एकच टेलिफोन लाइन. कॉम्प्युटर लागला की फोन एंगेज आणि फॅक्स बंद. म्हणून नसीमाला वेळ मिळाली ती बुधवारी शाळा सुटल्यावर. पानं एकेक ओळ करत वरून खाली उतरायची. तशीच एकदा तिच्यापुढे डोरिस उतरली.

डोरिस ही अमेरिकेतल्या कुठल्याशा बर्फाच्या गावातली शाळेची ग्रंथपाल. मुलांनी वाचावं, विशेषतः कविता वाचाव्यात, यासाठी काय काय करता येईल याचं एक पान ती चालवायची, आणि देशोदेशीच्या ग्रंथपाल बायका तिथे आपापले अनुभव लिहायच्या. नसीमाला वाटलं, आपल्याला नातेवाईक सापडले. इथे कोणी विचारत नव्हतं की कविता वाचून मार्क किती मिळतात. डोरिसच्या सगळ्याच सूचना बहरीनला लागू पडत नव्हत्या. 'पहिला बर्फ पडेल त्या दिवशी मुलांना खिडकीशी बसवा' ही तिने सोडून दिली. पण 'चालती कविता' तिला फार आवडली.

चालती कविता म्हणजे अशी: लहानशा चिठ्ठीवर एक कविता लिहायची. वर शीर्षक नाही, खाली कवीचं नाव नाही, शाळेचंही नाही. नाव दिसलं की मुलं नाव पाठ करतात आणि कविता सोडतात, असं डोरिसचं निरीक्षण होतं. खाली एवढंच लिहायचं: वाचा आणि पुढे द्या. मग चिठ्ठीची चौघडी करून ती जिथे कोणाला अपेक्षा नसेल तिथे ठेवायची. बसच्या सीटवर, कँटीनच्या ट्रेखाली, दवाखान्याच्या बाकावर. जमल्यास शेजारपाजारच्या भाषेतही एक प्रत काढावी. डोरिसच्या गावात हे केल्यावर काय घडलं तेही तिने लिहिलं होतं. पोस्टमास्तरांना कवितांची गोडी लागली.

पहिले दोन आठवडे इंग्रजी चिठ्ठ्या निघाल्या. मुलं त्या तासाला बाकाखालून एकमेकांना देऊ लागली, शिक्षक त्या जप्त करू लागले, आणि जप्त केल्यावर स्टाफरूममध्ये वाचू लागले. लायब्ररीत मुलं आपल्या पायांनी आली. नसीमाने ते डोरिसला कळवलं. डोरिसने विचारलं, शेजारची भाषा कोणती?

शेजारची भाषा शाळेत खदिजा शिकवायची. खदिजा इथलीच. उंच, कमी बोलणारी. नसीमाशी इंग्रजीत, मधे अरबी आणि थोडं हिंदी घालून बोलायची, आणि मधल्या सुट्टीत चहा प्यायला लायब्ररीत यायची, कारण स्टाफरूममध्ये ती आली की गप्पा थांबत. तिच्या धाकट्या भावाला वर्षापूर्वी पहाटे घरातून नेलं होतं. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिला भावंडं किती, असं कोणी विचारत नसे.

नसीमाने तिच्यापुढे डोरिसच्या पानावरची एक कविता ठेवली. सहावीतल्या कुण्या मुलाने लिहिलेली, नाव 'वादळात आमचं मांजर'. शीर्षक नियमाप्रमाणे आधीच कापलं होतं. उरलं ते असं:

लाईट गेली तेव्हा आम्ही एकेकाचं नाव घेतलं.
सगळ्यांनी ओ दिली. एकाने दिली नाही.
दार उघडं ठेवलंय. बाहेर बर्फ आहे.
आम्ही अजून नाव घेतोय.

खदिजाने वाचली. पुन्हा वाचली. चहा बाजूला सारला.

"बर्फ इथल्या पोरांना काय कळणार?" ती म्हणाली. "रात्र लिहू?"

"लिही की."

तिने एका बैठकीत लिहून काढली, एक शब्दही न खोडता. नसीमाने विचारलं, कशी झालीय? खदिजा म्हणाली, "आहे तशीच." आणि घंटा व्हायच्या आधीच उठून गेली.

शाळेच्या कॉम्प्युटरला अरबी येत नव्हतं. नसीमाला लिहिता येत होतं. राजिवड्याच्या मदरशात लहानपणी सकाळी कुराण वाचायला शिकताना अक्षर घोटून घेतलेलं. अर्थ त्या वयात शिकवायची रीत नव्हती. तिने वळणदार अक्षरात सगळ्या चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या, तळाशी 'वाचा आणि पुढे द्या' घातलं आणि मुलांत वाटून टाकल्या. एक चिठ्ठी घरी आली ती आतिकाच्या कंपासपेटीतून.

जेवताना गनीने ती उचलली. अरबी त्याला कार्गोच्या कामापुरतं येत होतं, पण तेवढं पुरलं.

"ह्या कोणाचा?"

"माझा. म्हणजे शाळेचा. कविता आहे."

"नाव कुठाय?"

"नाव लिहायचं नसतं."

गनीचा घास हातातच राहिला. "बिननावाचा अरबी कागद. कोन गायब झालाय, रात्र हाय, दार उघडा हाय. आनी खाली, पुढे द्या. आगो नसीमा, असलेच कागद शोधत फिरतायत ना हे लोक!"

"अवो, मांजरीची कविता आहे ती!"

"मांजर कुठाय ह्यात?"

"वर. शीर्षकात."

"अम्मी, देअर इज नो टायटल," आतिका म्हणाली.

एक विमान गेलं. आवाज ओसरल्यावर गनीने विचारलं, "किती वाटल्यास?"

"सगळ्या," नसीमा म्हणाली. मग ते वाक्य परत घेता येईल का, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत पोचली तर शाळेच्या बसचा ड्रायव्हर रावजी लायब्ररीच्या दारात चपला काढून उभा. संगमेश्वरचा माणूस, लायब्ररीत तो देवळात शिरावं तसा शिरायचा.

"बाई, जरा इचारायचं हुतं. काल एका पोरीनं मला कागद दिलान्. म्हनली, काका, वाचा नि पुढं द्या."

"मग?"

"मला काय अरबी येतंय? म्हटलं, वाचता नाय आला तर निदान पुढं तरी द्यावा. मुहर्रकच्या पुलाच्या आधी गाडी थांबवलेली. तिथं पोलीस हुता. त्याला दिला."

नसीमा खुर्चीवर बसली. "त्याने वाचला?"

"वाचलान् की. दोनदा वाचलान्."

"काय म्हणाला?"

"शुक्रान म्हनला," रावजी समाधानाने म्हणाला. "नि गाडीचा नंबर लिवून घेतलान्. काय बक्षीस-बिक्षीस असतंय काय वो?"

मग बरेच दिवस काहीच झालं नाही. हे 'काहीच नाही' फार वाईट होतं. नसीमाने उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करायचा प्रयत्न केला, पण पुढे दिलेली गोष्ट मागे घ्यायची सोय डोरिसने केलेली नव्हती. ऑफिसात एकदा फोन आला, 'लायब्ररी आहे का?' असं अरबीत कोणी विचारलं, 'आहे' म्हटल्यावर ठेवून दिला. बसला रोज पुलाआधी थांबवू लागले, आणि रोज सोडू लागले. खदिजा चहाला येत राहिली. नसीमा तिला रावजीबद्दल सांगायचं ठरवायची आणि साखर किती घालू, एवढंच विचारायची.

मनात मात्र तिने एक गोष्ट पक्की केली होती. ज्या घरातला एक मुलगा आधीच नेलेला आहे, त्या घरातल्या मुलीचं नाव आपल्या तोंडून जायचं नाही. बाकी काय व्हायचं ते होवो. गनीलाही तिने सांगितलं नाही की भाषांतर दुसऱ्या कोणाचं आहे. गनीने विचारलंही नाही. त्याने बायकोच्या अरबीबद्दल पूर्वी कधी विचार केला नव्हता.

तो माणूस आला तो सकाळच्या पहिल्या तासाला. लीना मॅडम त्याला वरपर्यंत घेऊन आल्या. "हे आपली लायब्ररी बघायला आलेत," म्हणाल्या, आणि इतक्या चटकन खाली गेल्या की त्यांचा सुगंध तेवढा मागे राहिला. पांढरा शुभ्र, पायघोळ थोब, हातात चष्मा, वय पन्नाशीचं. कुठल्या खात्याचा ते त्याने सांगितलं नाही. इंग्रजी उत्तम. तो आधी कपाटं बघत हिंडला, एक पुस्तक काढून पहिलं पान वाचलं, जागच्या जागी ठेवलं. असा वाचक त्या खोलीत पूर्वी आला नव्हता.

मग त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"हे तुम्ही वाटलंत?"

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

खरं बोलायचं असं तिने ठरवलं होतं. जिथे बोलता येईल तिथे. "परदेशातल्या एका बाईंच्या."

"नाव?"

"डोरिस."

"पुढचं?"

"माहीत नाही."

"तुमची भेट कुठे झाली?"

"भेट नाही झाली. त्या मला कॉम्प्युटरवर सांगतात. आम्ही पुष्कळ जणी आहोत, सगळ्या देशांत. त्यांनी सांगितलं की आम्ही आपापल्या गावात करतो."

बोलता बोलताच तिला आपलं बोलणं ऐकू येत होतं. एकही शब्द खोटा नव्हता.

"आणि नावं का नाही घालायची?"

"त्यांचा नियम आहे."

तो मान हलवत होता, आजारी माणसाचं ऐकणाऱ्या डॉक्टरसारखी. "कविता कशावर आहे?"

"मांजरावर."

"मांजर."

"वादळात हरवतं. मूळ इंग्रजी आहे माझ्याकडे, शीर्षकासकट. दाखवू?"

त्याने मूळ वाचलं. शीर्षकावर बोट ठेवलं, मग चिठ्ठीवर ठेवलं. "सापडलं का शेवटी?"

"कवितेत नाही दिलेलं."

"बरोबर," तो म्हणाला. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

"भाषांतर?"

बाहेर मैदानावर पी.टी.चा तास चालला होता. "माझंच," नसीमा म्हणाली.

त्याने खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. ती कविता तिने इतक्या वेळा उतरवली होती की हात आपोआप चालला. तिने सबंध लिहून दिली. तो बघत राहिला, कागदाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त.

"बर्फाची रात्र का केलीत?"

"इथे बर्फ कुठे पडतो?"

तो हसला. हसला ते तिला मुळीच आवडलं नाही. "मॅडम, छान काम आहे तुमचं. पुढची चिठ्ठी निघेल तेव्हा आधी मी बघेन. मी स्वतः येईन."

"मी हे बंदच करणार होते."

"नको नको," तो उठत म्हणाला. "बंद कशाला? करत राहा."

तर अशी नसीमा परकार कवितेच्या प्रसाराला बांधली गेली. त्या बुधवारी तिने डोरिसला लिहिलं, जेवढं लिहिता येण्यासारखं होतं तेवढं: इथल्या एका अधिकाऱ्यांना चिठ्ठी मिळाली, ते लायब्ररीत येऊन गेले, पुढचीही बघू म्हणाले. डोरिसचं उत्तर लगोलग आलं. किती भाग्यवान आहेस! आमच्याकडे फक्त पोस्टमास्तर.

आता प्रश्न असा होता की पुढचं अरबी नसीमाचंच असायला हवं. खदिजाला विचारायचं म्हणजे जे लपवलं ते उघडं करायचं. तिने अरबी डिक्शनरी आणली आणि खदिजाला मधल्या सुट्टीत 'आज स्टॉक टेकिंग आहे' सांगून चहा बंद केला. खदिजाने दोनदा दारातून बघितलं, तिसऱ्यांदा आली नाही.

कविता निवडायची तर अशी हवी होती की जिच्यात कोणी हरवलेलं नाही, कोणी वाट बघत नाही, अंधार नाही, दार नाही, भिंत नाही, समुद्र तर नाहीच. डोरिसच्या पानावर शेकडो कविता होत्या. नसीमा दोन बुधवार त्या वाचत बसली. फुलपाखराची सापडली, तर ते बंद मुठीत होतं. फुग्याची सापडली, तर तो सुटून गेला होता. एका चिमुरडीने दात पडल्याची लिहिली होती, त्यात रक्त होतं. जगभरच्या लहान मुलांना दुसरं काही सुचतच नाही की काय, असं तिला वाटू लागलं. शेवटी उकडलेल्या अंड्यावर एक मिळाली. अंडं गोल आहे, अंडं गरम आहे, मी मीठ घालून खातो. तिला ती कविता म्हणणं जिवावर आलं, पण निर्दोष होती. डिक्शनरी घेऊन तिने ओळीमागून ओळ रचली.

तो आला. थोब तसाच, चष्मा या वेळी डोळ्यांवर. अंड्याची चिठ्ठी त्याने शांतपणे वाचली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली.

"मॅडम, तुमचं अरबी मागच्या वेळी चांगलं होतं."

"या वेळी घाई झाली."

"होतं असं." त्याने चिठ्ठीची नीट घडी घालून खिशात ठेवली. "अरबीच्या बाई आज आल्यात का?"

"मला नाही माहीत."

"आल्यात," तो म्हणाला. "मी खाली त्यांना सलाम करूनच आलो." आणि जाताना खुर्ची टेबलाखाली सरकवून गेला.

नसीमा मागोमाग जिन्यापर्यंत धावली. खालच्या मजल्यावर खदिजा सातवीच्या वर्गातून बाहेर येत होती. अबाया खांद्यावर, हाताला खडू. तिने त्याला काही विचारलं नाही. वर्गातल्या मुलीला मोठ्याने सांगितलं, धडा पुढे वाचा, आणि ती त्याच्याबरोबर चालू लागली. वर बघितलं नाही.

खदिजाच्या तासांना आठवडाभर पी.टी. टीचर पाठवली गेली. स्टाफरूममध्ये तिच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही आणि ती खुर्ची कोणी हलवलीही नाही. गनीने दोन सुटकेसी माळ्यावरून काढून पुसून ठेवल्या, उघडल्या मात्र नाहीत. "इंशाल्ला काय होनार नाय," तो रोज म्हणायचा, आणि रोज आतिकाचे पासपोर्ट फोटो कुठे ठेवलेत ते विचारायचा.

तिथे सुट्टी शुक्रवारची असायची; रविवारी खदिजा आली. आधी तास घेतला, मग मधल्या सुट्टीत लायब्ररीत आली. बसली नाही. नसीमाने किटली लावायला हात पुढे केला, तो खदिजाने नुसत्या नजरेने थांबवला.

"मारलं का?" नसीमाने विचारलं.

"नाही. चहा दिला."

"काय विचारलं?"

"एकच. ती हिंदुस्थानी बाई तुमच्यासाठी खोटं का बोलली?"

"मी तुझं नाव घेतलं नाही, खदिजा. अल्लाशपथ. एकदासुद्धा नाही."

"ठाऊक आहे. तेच तर." खदिजा हळू बोलत होती, तासाला व्याकरण सांगताना बोलायची तशी. "मी इथली अरबीची शिक्षिका. शाळेच्या कामाचं भाषांतर मी नाही करणार तर कोण करणार? त्याला ते आधीच ठाऊक होतं. तू पहिल्या दिवशी माझं नाव सांगितलं असतंस तर एका मास्तरणीने मांजरीच्या कवितेचं भाषांतर केलं, खलास. फाइल बंद. तू लपवलंस, तेव्हा त्याला कळलं की त्या ओळींत लपवण्यासारखं काहीतरी आहे. मग त्याने त्या नीट वाचल्या."

नसीमाने विचारलं, "होतं का काही?"

खदिजाने खिडकीबाहेर पाहिलं. "माझा भाऊ होता," ती म्हणाली. "दुसरं काय असणार?"

"आता?"

"आता दर शनिवारी दुपारी जायचं. बसायचं, सही करायची, यायचं. किती आठवडे ते सांगितलेलं नाही."

"मी जाऊन सांगू त्यांना? सगळी चूक माझी आहे म्हणून?"

"नको," खदिजा म्हणाली, पहिल्यांदाच जरा मोठ्याने. "तू आता कोणालाही वाचवू नकोस."

घंटा झाली. खदिजा लगेच निघाली. तिला आता उशीर चालणार नव्हता. ती वर्गात किती वाजता शिरते आणि शाळेतून किती वाजता निघते, हे खाली ऑफिसात त्या दिवसापासून वेगळं लिहून घेत होते.